गड्डा झाल्यावर नको, या आठवड्यातच

पत्र: डॉक्टरबाई, नमस्कार. आमच्या घरातले कपडे मी धुते, म्हणून हे मला कळलं. सासऱ्यांच्या पायजम्याला मागे डाग दिसतात. आधी वाटलं तंबाखूचे असतील, पण रक्त आहे. दिवाळीच्या आधीपासून चालू आहे. सासरे 57 वर्षांचे. टॉवेलच्या कारखान्यात होते, आता घरीच असतात. सकाळी तीन-चार वेळा संडासला जातात, येऊन बसतात आणि अर्ध्या तासात परत जातात. सासूबाई म्हणतात उष्णता आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद करून ताकभात चालू केलाय. ओळखीच्या एकाने मूळव्याधीच्या पुड्या दिल्या, त्याने आठ दिवस बरं वाटलं. मागच्या महिन्यात दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर रक्त 8.9 निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. डागांचं तिथे सांगितलंच नाही. दरवर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजाच्या (मिरवणुकीत उचलून न्यायच्या उंच काठ्यांच्या) सरावाला जातात, यंदा अर्ध्यातून परत आले. मी ह्यांना म्हटलं दाखवून आणा, तर म्हणतात गड्डा, म्हणजे ती जानेवारीतली यात्रा, झाल्यावर बघू. मी सून. मामांशी हे कसं बोलू? आणि मूळव्याधच असेल ना? — एक सून, सोलापूर

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. असेल. संडासवाटे रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा चीर पडलेली असते, कॅन्सर नसतो. पण तुमच्या पत्रात चार जणांनी निदान केलंय आणि चौघांपैकी एकानेही बघितलेलं नाही. सासूबाईंनी उष्णता ठरवली, पुडीवाल्याने मूळव्याध, डॉक्टरांनी रक्त कमी, आणि तुमच्या यजमानांनी तर तारीखच ठरवून टाकली. डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली गेली. दम लागतो एवढंच ऐकलं, तर मीही कदाचित तेवढीच चिठ्ठी लिहिली असती.

नुसते डाग असते तर मी एवढं लांबलचक उत्तर लिहिलं नसतं, तपासून घ्या म्हटलं असतं आणि पुढच्या पत्राकडे वळले असते. मला थांबवलं ते बाकीच्या गोष्टींनी. जाऊन आले तरी परत जावंसं वाटतं, ही पहिली. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग. तिथे काही वाढत असेल तर शरीराला वाटतं की अजून मळ शिल्लक आहे. माणूस बसतो, कुंथतो, थोडी आव पडते किंवा काहीच पडत नाही, आणि उठला की पुन्हा तीच भावना. आपल्याकडे याला सरसकट ‘आव झाली’ म्हणतात आणि आवेच्या गोळ्यांचा कोर्स होतो, मग दुसरा कोर्स होतो. आव खरोखर असेल तर पहिल्या कोर्सला उतरायला हवी. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पोटाची रोजची वेळ आणि पद्धत बदललेली राहिली, तर ते नुसत्या खाण्यावर ढकलू नये. कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, असं आलटून पालटून होणंही त्यातच आलं. आणि जुलाबाची कळ रात्री झोपेतून उठवत असेल तर ते मुद्दाम सांगायचं. नुसत्या ताणाने बिघडलेलं पोट माणसाला सहसा झोपेतून उठवत नाही.

दुसरी गोष्ट ते 8.9. बाईचं हिमोग्लोबिन कमी असलं की आपण पाळीवर टाकून मोकळे होतो. (तेही चूक आहे. विड्या वळणाऱ्या किती बायकांना मी वर्षानुवर्षं ‘अंगात रक्तच नाही’ म्हणताना ऐकलंय, पाळी जाऊन दहा वर्षं झाली तरी! पाळी गेल्यावर रक्त कमी होत असेल तर तेही शोधावंच लागतं.) पण 57 वर्षांच्या पुरुषाचं रक्त 8.9 वर आलं आणि ते लोहाच्या कमतरतेमुळे असेल, तर ते कुठून तरी जातंय असं धरूनच चालायचं. सोलापूरकराला हे समजवावं लागू नये. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. काल भरलेली टाकी आज अर्धी दिसली तर आपण आधी गळती शोधतो, टँकर मागवत बसत नाही. लोहाच्या गोळ्या म्हणजे टँकर. त्यांनी आकडा 10 वर जाईल, सगळे खूश होतील, आणि गळती तशीच राहील. वर त्या गोळ्यांनी संडास काळी होते, त्यामुळे रक्त आहे की नाही हे घरच्या घरी ओळखणं आणखी अवघड.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे सगळ्यांची लक्षणं सारखी का नसतात ते कळेल. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटाच्या उजव्या बाजूला ते रुंद असतं आणि आतला माल पातळ असतो. तिथे गाठ झाली तर अडत काहीच नाही, रक्त थोडं थोडं झिरपतं, संडासात मिसळून जातं, डोळ्यांना दिसतही नाही. माणसाला फक्त थकवा येतो, जिना चढताना दम लागतो. नंदीध्वजाच्या सरावातून अर्ध्यात परत येणं हे माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य आहे. वर्षानुवर्षं जाणारा माणूस उगाच परत येत नाही. डाव्या बाजूला आणि खाली आतडं अरुंद होतं, मळ घट्ट झालेला असतो. तिथली गाठ लवकर बोलते: रक्त दिसतं, सवय बदलते, पोट दुखतं, साफ झाल्यासारखं वाटत नाही.

रक्ताच्या रंगावरून घरी निदान करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण तरी करतोच. मूळव्याधीत सहसा ताजं लाल रक्त संडास झाल्यावर थेंब-थेंब पडतं, दुखत नाही. चीर असेल तर कापल्यासारखं दुखतं. गाठीचं रक्त बऱ्याचदा मळात कालवलेलं, काळपट, आवेबरोबर येतं. हे सगळं पुस्तकात बरोबर आहे. पण गाठ अगदी खाली असेल तर तिचंही रक्त ताजं लालभडक येतं, आणि ज्याला वीस वर्षं मूळव्याध आहे त्याला कॅन्सर होऊ नये असा काही कायदा नाही. दोन्ही एकदम असू शकतात. पुड्यांनी आठ दिवस बरं वाटलं म्हणता. गाठीचं रक्तही मधेच थांबतं, आठवडाभर थांबतं, पुन्हा येतं. म्हणून ‘पुडीनं गुण आला’ हा पुरावा नाही. सगळ्या वैद्यांना मी एका माळेत ओवत नाही. क्षारसूत्र (औषध लावलेल्या दोऱ्याचा उपचार) करणारे चांगले वैद्य आधी आडवं झोपवून नीट तपासतात. न बघता पुडी देणाऱ्याशी मात्र माझं भांडण आहे.

सासूबाईंनी बंद केलेल्या जेवणाबद्दल नंतर लिहिते, विसरणार नाही.

आता बोलायचं कसं. माझे थोरले काका सात महिने मलम लावत होते. मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला, घरातली होऊ घातलेली डॉक्टर, सुट्टीत त्यांच्याच घरी जेवायला. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण मी मुलगी. काकू धोतराचे डाग वेगळे धुवायची, तिने सांगितलं नाही, कारण ‘त्यांना आवडणार नाही’. शेवटी गेले तेव्हा सर्जननी बोटाने तपासलं. अर्ध्या मिनिटात गाठ हाताला लागली. सात महिने आणि अर्धं मिनिट, हा हिशेब मी अजून विसरलेले नाही. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘कपडे मी धुते म्हणून मला कळलं’ हे वाचून मी ते बाजूला काढलं. अशा गोष्टी घरात आधी कपडे धुणारीलाच कळतात आणि बोलायचा हक्क तिलाच सगळ्यात कमी असतो.

तुम्ही मामांशी बोलू नका. गरज नाही. यजमानांशी बोला, आणि ‘मामांना बरं नाही, दाखवा’ असं मोघम नको. पुढच्या वेळी डाग दिसला की तो पायजमा धुवायच्या आधी त्यांना दाखवा. सांगून जे महिनाभर पटत नाही ते बघून एका मिनिटात पटतं. मामांना डॉक्टरांसमोर तोंड उघडायची लाज वाटणार, हे धरूनच चला. एका कागदावर तुम्हीच लिहून द्या: दिवाळीच्या आधीपासून संडासवाटे रक्त, दिवसात इतक्या वेळा जावं लागतं, साफ होत नाही, आव पडते की नाही, हिमोग्लोबिन 8.9, लोहाची गोळी कोणती, पुड्या किती दिवस घेतल्या, साखर-बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, घरात आई-वडील-भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का. आणि वजन. वजनकाटा नसेल तर पायजम्याची नाडी बघा, पूर्वीपेक्षा किती आत बांधावी लागते. मुलाने तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा, बस्स. मामांना एक शब्द बोलावा लागणार नाही.

कॅन्सर हा शब्द घरात आत्ता काढायचा का? मी काढणार नाही. खोटंही बोलणार नाही. ‘रक्त कुठून जातंय ते बघायचंय’ एवढं पुरे आहे, आणि ते खरं आहे.

जायचं सर्जनकडे किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे. पैशांची अडचण असेल तर सरळ सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीला जा, सकाळी लवकर. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी कुशीवर झोपवून, हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासायला हवं. डॉक्टर त्याला पीआर म्हणतात. नको वाटतं, दुखत फारसं नाही. आपल्याकडच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गुदाशयाचे रुग्ण बरेच असतात, आणि त्यातल्या खालच्या गाठी या एका साध्या तपासणीत हाताला लागतात. रक्त जातंय असं सांगूनही कुणी न तपासता औषध लिहून दिलं, तर मुलाने नम्रपणे विचारायचं, ‘डॉक्टर, आतून तपासायला लागेल का?’

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली की पेढे वाटतात. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड छान दिसतात, आतड्याचं आतलं अस्तर दिसत नाही. दुसरं, रक्तातला ‘कॅन्सर मार्कर’. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो, त्यामुळे त्यावरून सुटका नाही. संडासातलं लपलेलं रक्त शोधायची तपासणी चांगली आहे, पण ती ज्याला काहीच त्रास नाही त्याच्यासाठी जास्त कामाची. इंग्लंडमध्ये तर पन्नाशीनंतर तिचा डबा पोस्टाने घरी येतो. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर बघतात, आतडं त्यात नाही. म्हणजे आपल्याला कुणी बोलावणार नाही, आपणच जायचं. तुमच्या घरात रक्त डोळ्यांना दिसतंय, तेव्हा सरळ दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी.

तिची भीती नळीची कमी आणि आदल्या दिवसाची जास्त असायला हवी! नळी बोटाएवढी जाड, गुंगीचं इंजेक्शन देतात, अर्ध्या-पाऊण तासात होतं. आतल्या अस्तराचा तुकडा घेतला तर तो दुखत नाही, कारण तिथे कापल्याची वेदनाच कळत नाही. खरी कसोटी आदल्या संध्याकाळी. पावडर पाण्यात कालवून दोनेक लिटर संपवायची आणि मग संडासच्या दारात मुक्काम. तुमच्याकडे संडास सामाईक असेल तर त्या दिवशीचं आधीच ठरवून ठेवा. हे लहान वाटतं, पण याच कारणाने तपासणी पुढे ढकलणारी माणसं मी बघितली आहेत. शेवटी पाण्यासारखं, पिवळसर, पलीकडचं दिसेल इतकं स्वच्छ पडायला लागलं की आतडं तयार झालं. आतडं घाण राहिलं तर छोटी गोष्ट नजरेतून सुटते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण तिचा काळा थर अस्तरावर बसतो. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, विचारायचं. गुंगीनंतर मामांनी त्या दिवशी गाडी चालवायची नाही, मुलाने सोबत थांबायचं.

आत काय निघू शकतं? मूळव्याध. आतड्याला सूज. आतड्याचा टीबी, आपल्याकडे तो कमी नाही आणि कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतो, तुकडा तपासूनच कळतं. किंवा पॉलिप, अस्तरावर उगवलेला मशासारखा फुगवटा. आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशा पॉलिपमधूनच होतात आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. तो त्याच नळीतून तारेच्या फासाने काढून टाकता येतो. म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच विषय संपला. किती आजारांत अशी सोय आहे सांगा.

आणि कॅन्सर निघाला तर? इंग्लंड-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की आतड्यापुरता असताना सापडला तर दहापैकी साधारण नऊ जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. यकृतात, फुप्फुसात पोचल्यावर सापडला तर हेच गणित उलटं होतं. शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार. गुदाशयाचा असेल तर बऱ्याचदा आधी रेडिएशन आणि केमो. लगेच मुंबई गाठावी लागेल असंही नाही. बार्शी आपल्यापासून सत्तरेक किलोमीटर. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, आणि भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 साली सुरू झाली तीही बार्शीतच. महात्मा फुले योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी विचारा. दुर्बिणीचा खर्च त्यात बसतो का, तेही तिथेच विचारून घ्या.

पोटावर पिशवी लावतात, हे ऐकून माणसं पळतात. सगळ्यांना लागत नाही, लागली तरी अनेकांची काही महिन्यांनी काढतात. माझ्या काकांची कायमची होती. ती धोतराखाली बांधून ते पुढची चौदा वर्षं दर आषाढीला एसटीने पंढरपूरला जात राहिले, आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला कधी कळलं नाही.

आता तुमच्या यजमानांसाठी. एका महिन्याने आभाळ कोसळत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आतड्याचा कॅन्सर सहसा सावकाश वाढतो. पण ‘बघू’चा महिना एकटा येत नाही. गड्डा उरकेपर्यंत जानेवारी संपतो. मग लग्नसराई, मग पोरांच्या परीक्षा, मग ‘या उन्हात कुठे न्यायचं त्यांना’, आणि सोलापूरचा उन्हाळा जूनपर्यंत हलत नाही. काकांचे सात महिने असेच गेले. शिवाय 8.9 हिमोग्लोबिनवर मिरवणुकीत चालायचं म्हणजे काय, हे मामांनी सरावात बघितलंच आहे. मधल्या काळात पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, संडास आणि वारा दोन्ही बंद झाले, किंवा खूप रक्त जाऊन चक्कर आली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीच्या विभागात न्या.

आणि यजमानांना हेही सांगा की वडिलांना खरंच कॅन्सर निघाला, तर त्यांना स्वतःलाही चाळिशीला ही नळी घालून घ्यावी लागेल, काही त्रास नसला तरी. आत्येसासूबाई, चुलतसासरे असतील तर त्यांच्याही कानावर घालावं लागेल.

राहिलं जेवण. सासूबाईंना सांगा, उष्णतेने कॅन्सर होत नाही आणि शेंगाचटणीनेही होत नाही. चीर असेल तर तिखटाने आग होईल, एवढंच. ज्वारीचा कोंडा आतड्याचा मित्र आहे. धोका वाढवतात त्या गोष्टी वेगळ्या: दारू, विडी-सिगारेट, सुटलेलं पोट, बैठं अंग, रोजचं लाल मटण, आणि घराण्यात हा आजार असणं. महिनाभर ताकभातावर ठेवलेल्या माणसाला थकवा येणारच, त्यात आणखी भर कशाला? भाकरी द्या. फक्त तपासणीच्या आधीचे दोन-तीन दिवस नको. शेंगदाण्याचे कण आणि पालेभाजीचे धागे नळीच्या कॅमेऱ्यासमोर येतात आणि डॉक्टर वैतागतात.